हाळी आणि ओ

शाळेत असताना माझे एक भाषांतर चुकले होते. ते खरोखरच चुकले होते की बरोबर होते, याचा निर्णय करायला मला जवळजवळ साठ वर्षे लागली. त्या निर्णयाची हकीगत म्हणजेच हा लेख.

१९६३ सालची गोष्ट असावी. आमचे बिऱ्हाड तेव्हा घुग्घुसला होते. वर्धा नदीच्या काठचे, दगडी कोळशाचे गाव. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातला वणी तालुका, अलीकडे आमचा जिल्हा. त्याला लोक अजून चांदाच म्हणत. गावाच्या नावात मला लहानपणी घुबडाचा आवाज ऐकू येई आणि रात्री खाणीच्या बाजूने काही घुमले म्हणजे गाव आपले नाव सांगते आहे असे वाटे. तर त्या वर्षी इंग्रजीच्या मास्तरांनी दहा इंग्रजी म्हणी फळ्यावर लिहिल्या आणि त्यांचे मराठी करून आणायला सांगितले. त्यांतल्या एका म्हणीत 'हॅलू' असा शब्द होता. मास्तर म्हणाले, 'हॅलू म्हणजे हाळी देणे, आरोळी ठोकणे.' म्हणीचा शब्दशः अर्थ असा, की रानातून बाहेर पडल्याखेरीज हाळी देऊ नये.

मी वहीत लिहून नेले : 'रानातून बाहेर पडेपर्यंत हाळी देणे थांबवू नये.'

मास्तरांनी माझे वाक्य वर्गाला मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला. मग त्यांनी तांबड्या शाईने आडवी रेघ ओढली आणि समजावून सांगितले, की संकट पुरते टळले नाही तोवर आनंदाच्या आरोळ्या मारू नयेत, हा त्या म्हणीचा मथितार्थ. तू नेमके उलटे लिहिले आहेस. मास्तरांचे म्हणणे बरोबरच होते. आजही एखाद्या मुलाने असे लिहिले तर मला तांबडी शाई उचलावी लागेल.

परंतु घरी आलो आणि आबाजींना, म्हणजे माझ्या आजोबांना, हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'तुहा मास्तर कदी जंगलात गेलता का? जो जंगलात चूप राह्यला तो घरी नाही आला, असं मन त्याले.'

मी अर्थातच मास्तरांना तसे काही सांगितले नाही.

आबाजींचे मूळ गाव भद्रावतीच्या पूर्वेला, रानाच्या कडेचे. वडील कोळशाच्या खाणीत लागले म्हणून म्हातारपणी ते घुग्घुसला येऊन राहिले. पण त्यांचे कान रानातच राहिले होते. चैत्रात मोहफुले पडू लागली की गाव पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन निघे. मोहाची झाडे एका ठिकाणी नसतात. माणसे पांगतात, एकेका झाडाखाली एकेकजण वाकून फुले वेचू लागतो. त्याच फुलांसाठी त्याच वेळी अस्वलही आलेले असते. अस्वलाचे नाक तेज, पण खाण्यात गुंग झाले म्हणजे त्याला भान नसते, आणि दचकलेले अस्वल माणसाच्या तोंडावरच येते. म्हणून थोड्या थोड्या वेळाने कोणीतरी हाळी द्यायची. ती ऐकून दुसऱ्याने 'ओ' द्यायची, तिसऱ्याने, चौथ्याने. जनावराला कळते की माणूस आहे, आणि माणसांना कळते की सगळी माणसे आहेत. एखाद्या झाडाखालून 'ओ' आली नाही की टोपल्या तिथेच टाकून सगळे त्या झाडाकडे धावत.

मराठीत आपण 'हाकेच्या अंतरावर' असे म्हणतो. शहरात हा वाक्प्रचार झाला आहे. तिथे ते माप होते. मोह वेचताना दोन माणसांत किती अंतर ठेवायचे, याचे माप वाव नव्हे, कासरा नव्हे, हाक. याहून दूर गेलात तर तुम्ही एकटे.

पुढे मी भाषेचा विद्यार्थी झालो तेव्हा 'हाक' या शब्दाने मला प्रथम चकविले. हाक मारणे म्हणजे जवळ बोलावणे. पण गाडी हाकणे, ढोरे हाकणे म्हणजे पुढे लोटणे, आणि हाकलणे म्हणजे तर हुसकून लावणे. एकाच शब्दाच्या पोटी 'ये' आणि 'जा' ही दोन्ही कशी? प्राकृतात 'हक्क' असा धातू आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या व्याकरणात तो निषेध करणे, मना करणे या अर्थी सांगितला आहे. मुळात तो नुसता आवाज असावा : तोंडातून जोराने निघालेला, पुढे कोण आहे ते अजून न ठरलेला. पुढे माणूस असला तर त्याचे बोलावणे झाले, बैल असला तर दटावणी झाली, चोर असला तर हाकाटी झाली. म्हणजे ओरडण्याच्या शब्दाचा अर्थ ओरडणाऱ्याच्या घशात नसतो. ज्याने ऐकायचे त्याच्या ठिकाणी असतो. ही एवढी गोष्ट ध्यानात धरून इंग्रजी 'हॅलू'कडे पाहिले, तर त्या शब्दाचा सगळा इतिहास उलगडत जातो.

'हॅलू' हा शब्द एकटा नाही, त्याचे गणगोत मोठे आहे. हॅलू, हॉलो, हॉला, हॉलर, हलो ही सगळी भावंडे. कोशकार त्यांचे मूळ निश्चित एका ठिकाणी दाखवीत नाहीत, आणि उद्गारवाचक शब्दांचे मूळ शोधणे हे वाऱ्याची गाठ बांधण्यासारखेच आहे. एक धागा फ्रेंच भाषेतल्या 'होला'कडे जातो; 'अहो, तिकडचे!' असा त्याचा अर्थ. दुसरा धागा जुन्या जर्मनीत नेतो. तिथे 'आणणे' या अर्थाच्या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप नदीकाठी उभे राहून पलीकडच्या नावाड्याला बोलवायला वापरीत, असे सांगतात. हे वाचले तेव्हा मला एकदम वर्धा नदीचा काठ दिसला. पावसाळ्यात वणीच्या बाजूने येणारा माणूस पलीकडच्या दरडीवर उभा राही आणि तोंडाभोवती हातांचा द्रोण करून डोंगेवाल्याला हाळी देई. वारा उलटा असला तर दोन-दोन, तीन-तीनदा. अलीकडून 'ओऽऽ' गेली की तो खाली बसून चिलीम काढी. डोंगा सुटायला अर्धा तास लागला तरी त्याची तक्रार नसे. आपली हाळी पोचली एवढे कळणे त्याला पुरेसे असे.

पण इंग्लंडात हा शब्द नदीकाठाहून शिकारीत शिरला आणि तिथेच मोठा झाला. सोळाव्या शतकापासून 'हॅलू' म्हणजे मुख्यतः शिकारी कुत्र्यांना चेव आणण्यासाठी ठोकलेली आरोळी. कोल्हा झुडपातून निघताना दिसला की ठोकायची ती निराळी, तिला वेगळे नाव. साहित्यात त्याला याहून कोमल जागाही मिळाली : शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' नाटकात व्हायोला म्हणते, की मी असते तर प्रियेचे नाव डोंगरांना ऐकवीत सुटले असते, ते घुमेपर्यंत. पण ते नाटकातले. व्यवहारात हॅलू ऐकायला असत कुत्री, आणि ऐकून पळायला असे जनावर.

यामागे एक इतिहास आहे. इंग्रजीतला रानाचा जो शब्द, 'फॉरेस्ट', तो मुळात झाडांचा नव्हे, कायद्याचा शब्द. राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख म्हणजे फॉरेस्ट. मग त्यात झाडे असोत वा नसोत. नॉर्मन राजा विल्यमने अकराव्या शतकात दक्षिण इंग्लंडात असे एक 'नवे रान' राखले, त्याला आज नऊशे वर्षे उलटली तरी ते नाव तसेच आहे. अशा रानात मोठ्याने ओरडण्याचा अधिकार शिकाऱ्याचा. बाकीच्यांनी, म्हणजे वाटसरूने, लाकडे वेचणाऱ्याने, चुकून सशाला फासे लावणाऱ्याने, रान गुपचूप ओलांडायचे. रानात लुटारू असत आणि राजाचे रखवालदारही असत. दोघांपैकी कोणाच्याही कानावर आपला आवाज जाऊ नये, यातच शहाणपण. मास्तरांनी फळ्यावर लिहिलेली म्हण अशा रानातून आली होती. आबाजींचे रान निराळे होते. त्या रानात लोक राहत होते.

ही दोन राने एकमेकांवर येऊन आदळली ती आमच्याच जिल्ह्यात. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये वारले आणि दुसऱ्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, १८७८ मध्ये जंगलाचा कायदा आला आणि राखीव जंगल हा शब्द गावकऱ्यांच्या तोंडी बसला. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलुखावरचे कॅप्टन फॉर्सिथ यांचे पुस्तक १८७१ मध्ये विलायतेत निघाले. ते आणि त्याच्यामागून आलेली तशी अनेक पुस्तके वाचून साहेब लोकांना सातपुड्यापासून चांद्यापर्यंतची राने ठाऊक झाली. पुढे रानाचे गट पाडून शिकारीचे परवाने देण्याची पद्धत रूढ झाली. या शिकारीचा राजमार्ग म्हणजे हाका.

हाक्याची रीत आबाजींनी मला इतक्या वेळा सांगितली आहे, की मी ती न पाहताही लिहू शकतो. आधी रेडकू बांधायचे. वाघाने ते मारून ओढून नेले, पोटभर खाल्ले आणि जवळच्या पाण्याच्या नाल्यात तो पडून राहिला, याची खातरजमा शिकारी करी. मग मालगुजाराचा निरोप गावात येई : घरटी एक माणूस. नाही म्हणायची सोय नव्हती; मिळाले तर काही आणे, नाहीतर बेगार. नाल्याच्या अरुंद तोंडाशी साहेबाचे मचाण. तेथून दोन्ही बाजूंना फाकत जाणाऱ्या दोन रांगांत झाडांवर माणसे बसवायची. त्यांनी ओरडायचे नाही. वाघ आपल्या बाजूने फुटू लागला तर नुसते खोकायचे किंवा काडीने बुंध्यावर टकटक करायची. तेवढ्याने वाघ वळतो. आणि मचाणाच्या समोर, लांबच्या टोकाला, जमिनीवर पायी उभे राहायचे ते हाकारे. ढोल, डबे, कुऱ्हाडीचे दांडे आणि घसे एवढीच त्यांची हत्यारे. इशारा झाला की एकदम गलका करून पुढे सरकायचे.

आता पाहा, 'हाका' हा शब्द कोठून कोठे आला! जी हाक मोहाखालच्या माणसाला 'तू आहेस ना' म्हणून विचारीत होती, तीच आता एका जनावराला बंदुकीच्या तोंडी लोटीत होती. शब्द मराठी, घसे मराठी आणि गोंडी, पण अर्थ इंग्रजी हॅलूचा. फरक एकच. विलायतेत आरोळी साहेबाची आणि धाव कुत्र्यांची. इकडे साहेब मचाणावर गप्प, आणि आरोळी व धाव ही दोन्ही कामे माणसांची.

आबाजींचे थोरले भाऊ असल्याच एका हाक्यात गेले. साहेब कोण होता ते घरात कोणाला कधीच ठाऊक नव्हते, मलाही नाही. वाघाला गोळी लागली, तो पडला नाही, गवतात शिरला. हाकारे ओळीने पुढे येत होते. मचाणावरून साहेब काहीतरी ओरडला. आबाजी सांगत, 'हालू का हॅलू, असं कायतरी. आमाले वाटलं, हला मनते. म्हून आमी हललो.' थांबा म्हणून सांगणाऱ्या आवाजाला ती माणसे 'चला' समजली आणि चार पावले पुढे गेली. थोरले भाऊ ओळीच्या टोकाला होते.

भाषाशास्त्र शिकल्यावर मी या गोष्टीकडे संशयाने पाहू लागलो. 'हॅलू' आणि 'हला' ही जुळणी फारच सोयीची आहे. घरातल्या मृत्यूला काही कारण हवे असते आणि अपघातापेक्षा गैरसमज बरा वाटतो. तेव्हा ही व्युत्पत्ती मागाहून बसवलेली असणे अशक्य नाही. मी एकदा धीर करून आबाजींना तसे विचारलेही. ते रागावले नाहीत. म्हणाले, 'शब्द कोन्ता होता ते जाऊ दे. शंभर मानसं होतो आमी, अन् एकालेबी त्याची बोली समजत नोती. त्यालेबी आमची नाही.' यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. व्युत्पत्ती खोटी असेल, पण साक्ष खरी होती. ज्याच्या हातात बंदूक आणि ज्याच्या तोंडात आरोळी त्या दोघांत एकही सामाईक शब्द नव्हता. हाकेच्या अंतरावर असूनही नव्हता.

मालगुजारी १९५१ मध्ये गेली. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ मध्ये आला आणि हाकाही इतिहासजमा झाला. आज ताडोब्याला येणाऱ्या प्रवाशाला गाडीत बसताना पहिली सूचना मिळते ती गप्प राहण्याची.

इकडे इंग्रजी शब्दाच्या नशिबात निराळेच लिहिलेले होते. ग्रॅहॅम बेलने १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट घेतले. तार जोडली, पण पहिला शब्द कोणता उच्चारायचा? समोर माणूस दिसत नाही, तो तारेपाशी आहे की नाही हेही कळत नाही. तेव्हा 'नमस्कार' किंवा 'शुभ प्रभात' निरुपयोगी. बेलला खलाशांची 'अहॉय' ही आरोळी पसंत होती. एडिसनने ऑगस्ट १८७७ मध्ये पिट्सबर्गच्या एका कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहिले, की घंटेची गरज नाही, 'हलो' हा शब्द दहा-वीस फुटांवरून ऐकू जातो. अमेरिकेत हे रूप त्यापूर्वी पन्नासएक वर्षे छापले जात होते, पण ते हाक म्हणून किंवा आश्चर्य म्हणून; अभिवादन म्हणून नव्हे. एडिसनचा शब्द टिकला. विशेष हे, की त्याच १८७७ साली वर्धा खोऱ्यातील कोळशावरचा ह्यूज यांचा भूगर्भशास्त्रीय ग्रंथ निघाला. म्हणजे ज्या वर्षी 'हलो'चा जन्म झाला त्याच वर्षी आमच्या मुलखातला कोळसा पुस्तकात गेला. पुढे दोघांची गाठ घुग्घुसला पडायची होती. मुंबईत टेलिफोनची सेवा १८८२ मध्ये सुरू झाली. खाणीच्या गावी ती यायला फार वर्षे लागली.

मी पहिला टेलिफोन पाहिला तो खाणीच्या तोंडाशी. वडील हॉलेजवर खलाशी होते. लोखंडी दोराने कोळशाचे टब वर ओढायचे ते काम. खालचा आणि वरचा माणूस एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून घंटीच्या खुणा आणि एक काळा, जड टेलिफोन. वडील त्यात तोंड घालून इतक्या जोराने 'हलो' ओरडत, की खालच्या माणसाला तारेशिवायही ऐकू जावे. आबाजी एकदा डबा घेऊन आले होते. त्यांनी हा प्रकार पाहिला आणि विचारले, 'कोनाले हाका देऊन राह्यला बे?' वडील म्हणाले, 'खाली मानूस आहे.' आबाजींनी त्या काळ्या भोंग्याकडे पाहिले आणि म्हणाले, 'मंग तो ओ काऊन देत नाही?' कारण खालून 'ओ' येत नव्हती. खालूनही 'हलो'च येत होते.

आम्ही तेव्हा हसलो. आज मला वाटते, त्या प्रश्नात 'हलो'चे सगळे मर्म आहे. जगातली ही बहुधा एकमेव आरोळी असेल, की जिचे उत्तरही तीच आहे. दोघेही हाक मारतात, ओ कोणीच देत नाही.

खाणीत मात्र जुन्या तऱ्हेची हाळी शिल्लक होती. घुग्घुसला तेलंगी, छत्तीसगढी, उत्तरेकडचे असे सगळे मुलूख येऊन राहिलेले. सुरुंग लावण्यापूर्वी बारूदवाला ओरडे, त्यात हिंदी, तेलुगू, मराठी यांची खिचडी असे आणि प्रत्येकाला ती समजे. साहेबाच्या हॅलूपेक्षा ती कितीतरी शहाणी भाषा होती. तिला ओ द्यायची नसे, बाजूला पळायचे असे. दुसरी हाळी याहून गंभीर. खाणीत छताला 'चाल' म्हणतात. चाल बसली आणि पलीकडे माणसे अडकली, की अलीकडचे लोक प्रथम हाळी देत आणि मग एकदम सगळे गप्प होत. यंत्रे बंद, बोलणे बंद. वडील सांगत, की हाळी देणे सोपे आहे. त्यानंतर गप्प राहणे फार कठीण, कारण त्या शांततेत काहीच ऐकू आले नाही तर ते प्रत्येकाला एकाच वेळी कळते.

इंग्रजीत 'हॉलो' म्हणजे हाळी आणि दुसरा एक 'हॉलो' म्हणजे पोकळ. शब्द निराळे, त्यांचे मूळही निराळे. पण घुग्घुसच्या माणसाला ते फार दूरचे वाटत नाहीत. २६ ऑगस्ट २०२२ रोजी आमच्या आमराई वॉर्डातले एक राहते घर बघता बघता जमिनीत गेले. हादरे जाणवताच घरातली माणसे बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली जुन्या खाणीची पोकळी होती. नंतर आसपासची घरेही रिकामी करवून घेण्यात आली. मी ही बातमी टेलिफोनवर ऐकली. पलीकडच्या माणसाने 'हलो'सुद्धा म्हटले नाही, एकदम नावानेच हाक मारली. आणि माझ्या तोंडून साठ वर्षांनी 'ओ' निघाली.

त्याच महिन्यात 'हलो' या शब्दाची महाराष्ट्रात बरीच चर्चा चालू होती. राज्याचे सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार, हे आमच्या चंद्रपूरचेच, यांनी १४ ऑगस्टला जाहीर केले की सरकारी कर्मचाऱ्यांनी टेलिफोनवर 'हलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावे. २ ऑक्टोबरपासून तशी मोहीमही सुरू झाली. अनुकूल-प्रतिकूल पुष्कळ लिहिले गेले. मला त्या वादात शिरायचे नाही. मला गंमत वाटली ती एवढीच, की दीडशे वर्षांपूर्वी बेल आणि एडिसन यांच्यापुढे असलेला प्रश्न अजून सुटलेला नाही : न दिसणाऱ्या माणसाला पहिला शब्द कोणता बोलावा?

या प्रश्नाचे एक उत्तर मला अमेरिकेतच सापडले. 'हॉलर' हे हॅलूचेच खेडवळ भावंड. दक्षिणेकडच्या मळ्यांवर राबणाऱ्या निग्रो गुलामांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या आरोळ्यांना हे नाव मिळाले. कापसाच्या एका शेतातून एकजण लांबलचक, चढउताराची आरोळी देई. दूरच्या शेतातून दुसरा तिला आपली जोड देई. मालकाला त्यात काम चालल्याची खूण ऐकू येई, आणि एकमेकांना त्यात 'मी आहे, तू आहेस ना' एवढे ऐकू येई. पुढे 'ब्लूज' नावाचे जे गाणे जगभर गेले, त्याची एक मुळी या आरोळ्यांत आहे असे जाणकार मानतात. जो शब्द धन्याने कुत्र्यांसाठी घडवला, तो बांधलेल्या माणसांनी आपल्या तोंडी घेतला आणि त्याला पुन्हा माणसांत आणले. मोहाखालची हाळी आणि मिसिसिपीकाठचा हॉलर यांची कोशात ओळख नाही. पण रानात भेटले असते तर त्यांनी एकमेकांना ओ दिली असती.

मे २०२५ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. तो सगळा हंगामच तसा गेला. वाघ वाढले याचा आनंद आहे, आणि रानात गेल्यावाचून ज्यांची चूल पेटत नाही त्या बायकाही आहेत. वनखात्याचे लोक गावोगाव सांगत असतात, की एकट्याने जाऊ नका, पांगू नका, वाकून बसताना बोलत राहा, आवाज करत राहा. शाळेतल्या त्या वहीतले वाक्य याहून वेगळे काय होते?

म्हणून आता निर्णय देऊन टाकतो. मास्तरांनी म्हणीचा अर्थ बरोबर सांगितला होता. मी भाषांतर चुकवले होते. पण ज्या रानासाठी ती म्हण होती ते रान आमचे नव्हते. जिथे रान राजाचे आहे तिथे बाहेर पडेपर्यंत गप्प राहावे. जिथे रान आपले आहे, आणि वाघाचेही आहे, तिथे बाहेर पडेपर्यंत हाळी थांबवू नये. तांबडी रेघ राहू द्यावी आणि वाक्यही राहू द्यावे.

आबाजी १९७१ च्या हिवाळ्यात गेले. शेवटचे काही दिवस त्यांना दिसत नव्हते, ऐकू मात्र नीट येई. रात्री मधूनच ते हाळी देत, अगदी हळू, रानात देतात तशीच ओढून. आई म्हणे, झोपेत बोलतात. वडील मात्र कूस न बदलता, अर्धवट झोपेतूनच, दर वेळी 'ओ' देत. मग ते शांत झोपत.